धुळीवर आयुष्यभराचं करिअर होतं का? एका प्रोफेसरबाईंचं उदाहरण घेऊन सांगते

तू विचारलंयस की सांगलीला सिव्हिल झालंय, आता एनव्हायर्नमेंटलमध्ये एमटेक आणि जमलं तर पीएचडी करायची आहे, हवेतले कण हा विषय मनात बसलाय, पण घरी सगळे म्हणतात पाणी-सांडपाण्याचं घे, त्यात नोकऱ्या तरी आहेत, धुळीवर कोण पगार देणार. आणि असे प्रोफेसर वीस-वीस वर्षं एका धुळीवर नेमकं करतात तरी काय?

मी २३ वर्षं हवेतले कण मोजतीये. आधी सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून धूळ फिल्टरवर गोळा करणारं यंत्र, उचलून गच्च्यांवर चढायचं काम, मग पीएचडी, मग शिकवणं. पण माझ्यापेक्षा एका बाईंचं उदाहरण घेते, कारण त्यांच्या कामात तुझ्या प्रश्नाचं उत्तर जास्त स्पष्ट दिसतं. लिन्सी मार, अमेरिकेत व्हर्जिनिया टेकला प्रोफेसर आहेत, सिव्हिल अँड एनव्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे तुझ्याच खात्यातल्या. डॉक्टर नाहीत. पण करोना हवेतून पसरतो हे जगाला पटवणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं, आणि त्या तिथे पोचल्या त्या गाड्यांच्या धुरापासून सुरुवात करून. हाच मुद्दा मला तुला सांगायचाय. कण काजळीचा आहे की फ्लूच्या विषाणूचा याने हवेला काही फरक पडत नाही, तो पडणार किती वेळात, तरंगणार किती, फिल्टरला चिकटणार की निसटणार हे त्याचा आकार ठरवतो. ते एकदा हाताखालून गेलं की विषय बदलत राहिला तरी तुझं शिक्षण वाया जात नाही.

मार मॅडमचं शिक्षण हार्वर्डला इंजिनिअरिंग सायन्समध्ये, १९९६ ला पदवी, मग बर्कलीला पीएचडी, २००२. पीएचडीत एक छान कोडं होतं. कॅलिफोर्नियात शनिवार-रविवारी रस्त्यावर ट्रक कमी असतात, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड्स कमी, मग त्यांच्यापासून उन्हात तयार होणारा जमिनीजवळचा घातक ओझोन पण कमी व्हायला पाहिजे ना? तर बऱ्याच ठिकाणी तो उलट वाढायचा. कारण असं की ट्रकच्या धुरातलाच नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकत असतो, तो कमी झाला की ओझोनला रान मोकळं. हे तू नीट समजून घे कारण आपल्याकडे लॉकडाऊनमध्ये सगळी हवा एकदम स्वच्छ झाली असं लोक म्हणतात तेव्हा ओझोनचं काय झालं हे कुणी विचारत नाही. असो. मग एमआयटीला मारिओ मोलिना यांच्याकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, ज्यांना ओझोन थराच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालं होतं. मोलिना मूळचे मेक्सिकोचे, त्यांनी मेक्सिको सिटीच्या हवेवर मोठं काम उभं केलं होतं, त्यात मार मॅडमनी रस्त्यांच्या कडेला गाड्यांमधून निघणाऱ्या कणांवर चिकटून येणारी पीएएच नावाची कॅन्सरकारक रसायनं मोजली. २००३ ला व्हर्जिनिया टेकला रुजू झाल्या.

इथपर्यंत बघ, फ्लू नाही, विषाणू नाही, काही नाही. धूर आणि धूर मोजायची हत्यारं.

आता जरा कणांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे आणि एमटेकच्या इंटरव्ह्यूला पण हेच विचारतात. आपल्या डोक्याच्या उंचीवरून म्हणजे साधारण दीड मीटरवरून कण सोडला आणि हवा अगदी स्थिर आहे असं धरलं, तर १०० मायक्रॉनचा थेंब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाच-सहा सेकंदात खाली. १० मायक्रॉनचा आठेक मिनिटं घेतो. ५ मायक्रॉनचा अर्धा तास. १ मायक्रॉनचा बारा तास. कण दहापट बारीक झाला की पडायला शंभरपट वेळ लागतो, कारण वेग व्यासाच्या वर्गाने बदलतो, हा स्टोक्सचा नियम तू फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाठ केला असशील आणि विसरलाही असशील. आणि हे सगळं स्थिर हवेत, खऱ्या खोलीत पंखा आहे, माणसं चालतायत, अंगाच्या उबेने हवा वर चढते, तिथे ५ मायक्रॉनचा कण अर्ध्या तासात मुकाट खाली येऊन बसेल असं होत नाही, तो फिरत राहतो. हा अर्धा तास लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

दुसरं म्हणजे फिल्टर. बहुतेकांना वाटतं मास्क म्हणजे चाळण, भोकापेक्षा मोठं ते अडकलं, बारीक ते गेलं. तसं नसतं. मोठे कण जड असतात, हवा धाग्याला वळसा घालून जाते पण जोरात आलेली जड गाडी वळणावर वळत नाही तसे ते सरळ जाऊन धाग्यावर आपटतात. अगदी बारीक कणांना हवेचे रेणू धक्के मारत राहतात, ते वेडेवाकडे भटकत जातात आणि भटकता भटकता धाग्याला शिवतात, शिवले की चिकटले. सगळ्यात जास्त निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, धड जड नाहीत धड भटके नाहीत. म्हणून तर एन९५ ची परीक्षा त्याच आकाराला घेतात, आणि ९५ टक्के म्हणजे सगळ्यात अवघड आकाराला किमान ९५. २०२० मध्ये टीव्हीवर शिकलेसवरलेले लोक सांगत होते की विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची भोकं मोठी, म्हणून मास्क निरुपयोगी, आणि मी घरी बसून टीव्हीशी भांडत होते. विषाणू एकटा नागडा हवेत फिरत नाही, तो थुंकीच्या, मिठाच्या, प्रथिनांच्या गोळीत बसून येतो, आणि एकटा आला असता तरी वरच्या हिशोबाने तो पकडायला सोपाच.

आता मोजण्याबद्दल थोडं. तुला वाटेल मशीन लावलं, आकडा आला. पीएम २.५ चं, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं, साधं सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं, चोवीस तासांत २४ घनमीटर. आपल्या देशाचं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवा बरोबर मानकावर असली तर दिवसभराची सगळी धूळ दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही! आणि ती तू ज्या फिल्टरवर गोळा केलीस तो फिल्टर तिच्या कितीतरी पट जड. बोटाचा घाम लागला की निकाल गेला. मी एमटेकला असताना कोकणात ऑगस्टमध्ये सॅम्पलिंग केलं होतं, एका ठिकाणी धूळ उणे आली, म्हणजे सॅम्पलिंगनंतर फिल्टर आधीपेक्षा हलका. दोन रात्री झोपले नाही, वाटलं पंपच चालला नाही. मग कळलं की आधीचं वजन घेताना डेसिकेटरमधली, म्हणजे फिल्टर कोरडे ठेवायच्या बंद डब्यातली, सिलिका जेल गुलाबी पडलेली होती, म्हणजे ओलसर फिल्टर तोलला गेला, आणि नंतर एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत तोलला. आठ दिवसांचा डेटा फेकला. त्या दिवसापासून मी कुणाच्याही आकड्यावर, स्वतःच्या सुद्धा, तो कसा मोजला हे विचारल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मार मॅडमची पुढची सगळी गोष्ट याच सवयीची आहे.

२००८ च्या सुमाराला त्यांचा मुलगा लहान होता, पाळणाघरात जायचा आणि सारखं सर्दी-तापाचं काहीतरी घेऊन यायचा. आई म्हणून आपण सगळेच वैतागतो, औषध देतो, पुढच्या आठवड्यात परत तेच. त्यांनी मात्र फ्लू पसरतो कसा यावर वैद्यकातले लोक काय लिहितात ते वाचायला घेतलं. तिथे जिकडेतिकडे एकच वाक्य, की ५ मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब जड असतात, ते एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. आणि त्यांच्यासारख्या धूर मोजणाऱ्या बाईला हे वाचताच कळलं की हे चूक आहे. थोडंफार इकडेतिकडे नाही, साफच चूक. वर सांगितलेला अर्धा तास आठवला का?

मग त्यांनी जे येत होतं तेच केलं, हवा मोजली. पाळणाघरात, एका आरोग्य केंद्रात आणि विमानांत सॅम्पलर ठेवले. हत्यार तेच, कॅस्केड इम्पॅक्टर, ज्यात हवा एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या भोकांमधून ओढतात, वरच्या मजल्यावर मोठे कण आपटून चिकटतात, खालच्या मजल्यांवर बारीक, म्हणजे आकारानुसार वाटणी आपोआप होते. धुरासाठी आपण वापरतो तेच. फरक एवढाच की मजले उघडल्यावर रसायन न शोधता विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधलं, त्यासाठी व्हर्जिनिया टेकच्याच व्हेटर्नरी कॉलेजमधले विषाणूतज्ज्ञ सुब्बय्या एलंकुमारन सोबत होते आणि वान यांग ही मार मॅडमची विद्यार्थिनी. २०११ ला पेपर आला. १६ सॅम्पलपैकी निम्म्यांत इन्फ्लुएन्झा ए सापडला, एका घनमीटर हवेत ५,८०० ते ३७,००० जनुकीय प्रती, आणि सरासरी ६४ टक्के प्रती २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर. म्हणजे ज्या कणांना आपण पीएम २.५ म्हणतो, तासन्‌तास तरंगतात, थेट फुप्फुसात जातात, त्याच्यावर फ्लू बसलेला.

इथे एक काळजी घे, आणि ही काळजी त्यांनीही घेतली. जनुकीय प्रती सापडल्या म्हणजे तितके जिवंत विषाणू सापडले असं नाही. पीसीआर, म्हणजे जनुकीय द्रव्य शोधायची ही चाचणी, मेलेला आणि जिवंत वेगळा करत नाही. म्हणून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला, की थेंबात विषाणू जिवंत किती राहतो आणि हवेतल्या दमटपणाचा त्यात काय वाटा. २०१२ चा त्यांचा पेपर म्हणतो की कोरड्या हवेत फ्लू टिकतो, अगदी शंभर टक्क्यांच्या जवळ दमट हवेत पण टिकतो, मधल्या दमटपणात मरतो, कारण तिथे थेंबातलं पाणी अर्धवट उडून मीठ दाट होतं आणि ते विषाणूला सोसत नाही. सुरेख स्पष्टीकरण, हिवाळ्यात फ्लू का वाढतो याला पण धरून. आणि मग २०१८ ला पिट्सबर्गच्या सीमा लकडावाला यांच्या गटाबरोबर केलेल्या कामात असं दिसलं की लॅबच्या साध्या द्रवाऐवजी माणसाच्या श्वासनलिकेतला खरा चिकट द्रव घातला तर दमटपणा काहीही असो, तासाभरात तरी विषाणूच्या जिवंतपणात फारसा फरकच पडत नाही. म्हणजे स्वतःच्याच सुंदर आलेखाला मर्यादा पडली, आणि त्या पेपरवर त्यांचंही नाव आहे. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा पेपर सर्वात जास्त आवडतो. आपल्याकडे एकदा थिसिस झाला की त्यातला आलेख लोक देव्हाऱ्यात ठेवतात.

आता त्या ५ मायक्रॉनचं. आकडा चूक आहे हे त्यांना माहीत होतं पण तो आला कुठून? प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाचं नाव देणार, ते त्याच्या आधीच्याचं, आणि मूळ कुठेच नाही. करोनाच्या काळात हा शोध त्यांनी गंभीरपणे हातात घेतला, व्हर्जिनिया टेकमधल्याच टॉम इविंग या इतिहासकाराला आणि केटी रँडॉल या पीएचडीच्या विद्यार्थिनीला सोबत घेऊन, एमआयटीच्या लिडिया बुरुइबा आणि कोलोरॅडोचे होसे-लुईस हिमेनेझ पण होते. इंजिनिअर आणि इतिहासकार एका टेबलावर! केटीने जुने पेपर उपसले आणि माग लागला तो विल्यम वेल्स यांच्यापर्यंत. वेल्स कोण, तर सॅनिटरी इंजिनिअर, आपलेच पूर्वज. १९३४ ला त्यांनी हिशोब मांडला होता की थेंब आधी जमिनीवर पडतो की आधी वाळून तरंगायला लागतो, आणि ती सीमा ५ नव्हती, १०० मायक्रॉनच्या आसपास होती. मग ५ कुठून आलं? ते टीबीच्या कामातून आलं. टीबीचा जंतू रोग करायला फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचावा लागतो आणि तिथवर साधारण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणच जातात. म्हणजे 'खोलवर पोचतो कोणता' या प्रश्नाचं उत्तर लोकांनी 'तरंगतो कोणता' या प्रश्नाला चिकटवलं, आणि काही दशकं तेच पाठ्यपुस्तकांत आणि हॉस्पिटलांच्या नियमांत छापलं गेलं.

त्यामागे आणखी एक जुनं ओझं होतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक रोग 'वाईट हवेने' होतात असं मानायचे, ती समजूत मोडायला फार कष्ट पडले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स चॅपिनसारख्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं की हवेला घाबरणं सोडा, हात धुवा, संसर्ग जवळच्या संपर्काने होतो, आणि त्याने खरंच खूप भलं झालं. पण त्यानंतर हवेचं नाव काढणारा माणूस मागासलेला वाटायला लागला. वेल्स आणि त्यांचे सहकारी रायली यांनी बाल्टिमोरच्या हॉस्पिटलात टीबीच्या वॉर्डमधली हवा नळाने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली, ते गिनीपिग आजारी पडले, आणि ज्यांच्याकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरणं टाकली ते वाचले. एवढं झाल्यावर टीबी हवेतून जातो हे मानलं गेलं, पण फक्त टीबीपुरतं, बाकी रोगांना ते लागू करायला कुणी तयार नाही. तू सांगलीचा, मिरजेच्या जुन्या टीबी सॅनेटोरियमचं नाव घरात ऐकलं असशील. तिथे रोग्यांना मोकळ्या हवेत ठेवायचे, आजही ते शहाणपण मला जागेवर वाटतं.

मग २०२०. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट केलं की कोविड-१९ हवेतून पसरत नाही, आणि वर 'फॅक्ट' असं लिहिलं. त्याच महिन्यात १० तारखेला वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीत एक समूहगायनाची तालीम झाली होती, अडीच तासांची, ६१ जण होते, एकाला लक्षणं होती, पुढे ५२ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असं धरलं गेलं आणि दोघं गेले. एकमेकांना हात न लावण्याची काळजी घेतलेली असूनही. पुढे मार मॅडम आणि इतरांनी या तालमीचा हिशोब मांडला आणि खोलीतल्या हवेतून श्वासावाटे गेलं हेच सगळ्यात पटण्यासारखं निघालं. ऑस्ट्रेलियातल्या लिडिया मोराव्स्का यांनी जगभरातल्या अशा कणवाल्यांना एकत्र केलं होतं, मार मॅडम त्यात होत्या, एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्य संघटनेशी व्हिडिओवर बैठकही झाली आणि ऐकलं गेलं नाही. ६ जुलै २०२० ला मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांचं २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचं पत्र छापून आलं. आरोग्य संघटनेने भूमिका बदलायला २०२१ उजाडलं, आणि डॉक्टर आणि कणवाले एकच शब्द वापरतील अशी नवी भाषा ठरायला एप्रिल २०२४.

आपण त्या काळात दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी बादलीत भिजवली, सोसायटीच्या जिन्यावर हायपोक्लोराइट फवारलं, आणि बंद एसी खोलीत सहा फुटांवर खुर्च्या मांडून मीटिंगा घेतल्या. मला त्या वर्षी एका हॉस्पिटलच्या बैठकीला बोलावलं होतं, नाव घेत नाही, मी म्हटलं वॉर्डाच्या वरच्या खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन बसवा, तासाला किती वेळा हवा बदलते ते मोजून देते. तिथल्या एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम तुम्ही इंजिनिअर ना, मग रोग कसा पसरतो ते आम्हाला सांगताय का. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुढच्या महिन्यात त्याच वॉर्डातल्या दोन नर्सताई पॉझिटिव्ह झाल्या. त्या हवेनेच झाल्या असं मी सिद्ध करू शकत नाही, पण खिडक्या उघडायला खर्च काहीच नव्हता.

म्हणून मार मॅडमची एक गोष्ट मला फार शिकण्यासारखी वाटते. त्या बोलायच्या कशा, तर समोरचा सिगरेट ओढतोय असं समजा, तो धूर कुठे कुठे जाईल, तसाच श्वास जातो. बस. लांब उभे राहिलात तर धूर कमी लागतो, खिडकी उघडली तर कमी, बंद खोलीत तासभर बसलात तर कोपऱ्यातही पोचतो. हे सातवीतल्या पोरालाही कळतं आणि त्यात भौतिकशास्त्राची एकही चूक नाही. इतकं सोपं बोलायला वीस वर्षं धूर मोजलेला असावा लागतो.

बाकीचं पटापट सांगते. नॅनोचा जमाना आला तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने चांदीचे नॅनोकण असलेल्या बाजारातल्या स्प्रेमधून हवेत नेमकं काय उडतं ते मोजलं. करोनात लॅबमध्ये घरगुती कापडाचे मास्क, सर्जिकल मास्क, फेसशील्ड पुतळ्याच्या तोंडावर लावून आत-बाहेर किती कण जातात ते तपासलं, त्यात बारीक कणांसाठी फेसशील्डचा जवळजवळ काही उपयोग नाही हे आलं, आणि आपल्याकडे दुकानदार मास्क काढून नुसतं शील्ड लावून बसायचे ते आठवून मला फार वाईट वाटलं. २०२३ ला मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतला एक मोठा मान, मिळाली.

आता तुझ्या घरच्यांचा प्रश्न. नोकरीचं म्हणशील तर एनकॅप म्हणजे स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ ला सुरू झाल्यापासून शहरांना धूळ कुठून येते याचे अभ्यास करावेच लागतात, त्यात मोजणारी माणसं लागतात. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, पुण्यात आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था हवेचा अंदाज देणारी सफर यंत्रणा चालवते, मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडॉन-थोरॉन या किरणोत्सारी वायूंच्या निमित्ताने कणांचं काम कितीतरी वर्षं चाललंय, देशातल्या कणवाल्यांची संघटना पण तिथूनच चालते. आयआयटी मुंबईला चंद्रा वेंकटरामन यांनी चुलीच्या धुरावर जे काम केलंय ते नक्की वाच, आपल्या स्वयंपाकघरातून विषय उचलून जगाच्या हवामानापर्यंत नेलाय. आणि एक वाट कुणी सांगत नाही, ती फार्मा. इनहेलरचं औषध फुप्फुसात कुठवर पोचेल हे तपासायला तोच कॅस्केड इम्पॅक्टर वापरतात, क्लीनरूममध्ये कणच मोजतात, हेपा फिल्टरची तपासणी करतात. माझे दोन विद्यार्थी तिकडे आहेत, पगार माझ्यापेक्षा जास्त आहे आणि मला त्याचा आनंद आहे.

त्रास काय तो पण सांगते. आकडे यायला वेळ लागतो, पेपर त्याहून उशिरा. मशीनं महाग, बाहेरून येतात, एक लेसर बिघडला की चार महिने लॅब बंद. फील्डवर वीज जाते, माकडं वायर ओढतात, वॉचमन रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद करून ठेवतो आणि सकाळी परत चालू करतो, तुला डेटात सहा तासांचं भगदाड दिसतं आणि तो शपथ घेऊन सांगतो मी हात लावला नाही. त्याच्यावर चिडू नकोस, पहिल्या दिवशी त्याला हे काय आहे, कशासाठी आहे हे बसून समजाव, मग तोच पंपाची राखण करतो. मला हे कळायला तीन वर्षं लागली.

अभ्यासाचं म्हणशील तर फ्लुइड मेकॅनिक्स परत कर, विशेषतः बारीक गोल कण हवेत काय करतो तेवढं. स्टॅटिस्टिक्स घे, चुकवू नकोस. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे स्वस्त सेन्सर उघडून बघायची भीती जाईल, आणि ते सेन्सर पावसाळी हवेत धुकं आणि धूळ यात गल्लत करतात हे तुझ्या तुला कळेल. जीवशास्त्राला घाबरू नकोस, मार मॅडमनी पण विषाणूतज्ज्ञाला सोबत घेतलंच की. आत्तापासून एक कर, कार्बन डायऑक्साइडचं साधं मीटर कुणाकडून मिळालं तर क्लासच्या बंद खोलीत लावून ठेव. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, पोरं बसली, दारं लावली की तासाभरात किती होतं ते दर दहा मिनिटांनी वहीत लिही, मग एक खिडकी उघड आणि परत लिही. तो आलेख म्हणजे दुसऱ्याने सोडलेला श्वास तू किती घेतोस त्याचा आलेख.

आणि एमटेकला गाइड शोधताना लॅबमध्ये कोणती मशीनं आहेत यावर भुलू नकोस. फ्लो कॅलिब्रेशनची वही दाखवा म्हण. कुठल्या पंपाचा फ्लो कधी तपासला, किती आला, कुणी सही केली. ती वही अद्ययावत असेल आणि कडा हाताळून मऊ झालेल्या असतील तर तिथे जा, मशीन जुनं असलं तरी चालेल.